डावी बाजू, उजवी बाजू : मराठी पंगतीचा इतिहास

मराठी घरात सणासुदीला जे पान वाढले जाते त्याची मांडणी ठरलेली असते, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. पानाच्या वरच्या कडेला मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर, उजवीकडे सुकी भाजी, पातळ भाजी आणि आमटी, खाली मध्यभागी भाताची मूद, मुदीवर वरण आणि वरणावर तूप, असे हे पान होय. तोंडी लावण्याच्या पदार्थांना मिळून 'डावी बाजू' म्हणतात. ती थोडी वाढायची आणि मागितल्याखेरीज पुन्हा फिरवायची नाही, तर उजव्या बाजूचे पदार्थ पंगतीतून पुन्हा पुन्हा न्यायचे, असा संकेत आहे. उजव्या हाताने जेवणाऱ्याला जे वारंवार लागते ते हाताशी आणि जे चवीपुरते लागते ते पलीकडे, हा त्यातला व्यवहार उघड आहे. परंतु या मांडणीत व्यवहारापलीकडचेही काही आहे. कोणत्या क्रमाने, किती सावकाश आणि किती लक्ष देऊन जेवायचे, हे जेवणारा पाटावर बसण्याआधीच ठरून गेलेले असते. ते लक्ष प्रत्यक्षात कोणी पुरवायचे आणि ते पुरवताना कोणी उपाशी थांबायचे, हेही ठरलेले असते. पंगतीचा इतिहास लिहिताना पक्वान्नांच्या याद्यांपेक्षा या दुसऱ्या गोष्टीकडे पाहणे अधिक फलदायी ठरते.

लक्षपूर्वक जेवण्याचा विचार या देशात फार जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात 'आहारविधी', म्हणजे जेवण्याचे नियम, सांगितले आहेत. अन्न गरम आणि स्निग्ध असावे, मोजके असावे, आधीचे पचल्यावरच घ्यावे, मनाजोग्या जागी बसून घ्यावे, फार भरभर किंवा फार रेंगाळत जेवू नये, न बोलता, न हसता आणि 'तन्मना', म्हणजे त्यातच मन ठेवून जेवावे, असे ते नियम आहेत. प्रत्येक नियमाला कारण जोडलेले आहे, हा या प्रकरणाचा विशेष होय. भरभर जेवणाऱ्याचे अन्न भलत्या मार्गाला जाते आणि त्यातले गुणदोष त्याला कळत नाहीत. रेंगाळत जेवणाऱ्याची तृप्ती होत नाही, तो गरजेपेक्षा जास्त खातो आणि पानातले गार होते, असे ग्रंथकार सांगतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानाचा अध्याय यापुढे जाऊन भांड्यांचा आणि मांडणीचा तपशील देतो. आंबट पदार्थ दगडाच्या भांड्यात द्यावेत, वरणभातासारखे मुख्य अन्न रुंद आणि स्वच्छ ताटात समोर मांडावे, फळे आणि कोरडे खाद्यपदार्थ उजवीकडे, पातळ पदार्थ आणि पेये डावीकडे ठेवावीत, असे तो सांगतो. आजच्या मराठी पानाशी ही मांडणी तंतोतंत जुळत नाही, आणि एक सरळ रेघ ओढून आपले पान सुश्रुताचे आहे असे म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा. जुळते ते तत्त्व : ताटातल्या प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि ती जागा वाढणाऱ्याला माहीत असली पाहिजे.

दख्खनच्या संदर्भात या तत्त्वाचा पहिला भरघोस पुरावा कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात सापडतो. तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, साधारण ११३० च्या आसपासचा आहे. राजाने उपभोगायच्या गोष्टींत त्याने 'अन्नभोग' हे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. गादीवर बसलेला राजा नाभीपासून गुडघ्यांपर्यंत पांढरे वस्त्र पसरून सोन्याच्या ताटात जेवतो, त्याच्यासमोर मांडे, पोळ्या आणि नाना प्रकारचे वडे येतात, आणि मांसाचे जे प्रकार या प्रकरणात आले आहेत ते 'शास्त्रोक्त भोजन' म्हणजे शाकाहार असे धरून चालणाऱ्यांना बुचकळ्यात टाकतील. पंगतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो जेवणाचा क्रम. आरंभी भात, मुगाचे वरण आणि तूप, मधल्या टप्प्यात पायस आणि इतर गोड, पुढे शिखरिणी, दही, आणि शेवटी मीठ घातलेल्या ताकाशी भात, असा तो आहे. वरणभाताने सुरुवात करून ताकभाताने किंवा दहीभाताने शेवट करणारे, म्हणजे 'मागचा भात' घेतल्याखेरीज पानावरून न उठणारे आजचे मराठी जेवण या क्रमाशी सुश्रुताच्या मांडणीपेक्षा कितीतरी अधिक जवळचे आहे. पदार्थ बदलले, राजे गेले, तरी क्रम टिकला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने 'भोजनकुतूहल' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरच्या मराठी राज्याचा संस्थापक एकोजी याची राणी दीपाबाई ही त्याची आश्रयदाती होती. धान्ये, भाज्या, दूधदुभते, शिजवण्याच्या कृती, त्यांचे आयुर्वेदीय गुणदोष आणि भोजनविषयक धर्मशास्त्र असे सगळेच त्याने एकत्र केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाचा काळ १६७५ ते १७०० असा ठरवला, आणि त्याच्या आधाराने जिलबीपासून ज्वारीपर्यंत अनेक खाद्यवस्तूंच्या इतिहासावर निबंध लिहिले. पोथ्यांच्या कालनिश्चितीत आयुष्य घालवलेल्या विद्वानाने जिलबीचा माग काढावा, यात काहींना त्या वेळी गंमत वाटली असेल. आज मराठी खाद्येतिहास लिहू पाहणाऱ्याला त्या निबंधांवाचून पाऊल टाकता येत नाही.

ग्रंथांतले नियम प्रत्यक्ष पंगतीत उतरले ते विधींच्या रूपाने. पाने मांडून झाली, पाटांभोवती रांगोळ्या घालून झाल्या, तरी शेवटच्या पानावर तूप वाढले जाईपर्यंत पहिल्या पानावरच्याने हात लावायचा नाही, हा सर्वांत मोठा नियम. त्यानंतर जेवणारा उजव्या तळव्यात पाणी घेऊन ते पानाभोवती फिरवी आणि आचमन करी, त्याला आपोशन म्हणत. मग तूपभाताचे लहान पाच घास दातांचा स्पर्श होऊ न देता पाच प्राणांच्या नावे घेतले जात, ही प्राणाहुती. आणि पानाच्या उजवीकडे जमिनीवर भाताची चार-पाच शिते ठेवून त्यांवर पाणी सोडले जाई, ही चित्राहुती. चित्राहुतीमुळे मुंग्या पानाकडे येत नाहीत असे एक स्पष्टीकरण अलीकडे ऐकू येते, परंतु ती धार्मिक कृत्याला मागाहून चिकटवलेली शास्त्रीय झालर दिसते. विधीचा परिणाम मात्र स्पष्ट होता : भुकेलेला माणूस समोर आलेल्या अन्नावर तुटून पडू शकत नसे. पंगतीत आळीपाळीने म्हटले जाणारे श्लोक, चातुर्मासात मौनाने जेवण्याचे व्रत, यजमानाने हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणत पंगतीतून फिरणे, या सगळ्यांचा रोख घाई मोडण्याकडे होता. अर्थात आग्रह हा त्याच पंगतीचा दुसरा चेहरा होता. मोजके जेवावे म्हणणारे शास्त्र आणि जिलबीच्या पैजा लावणारा यजमान एकाच मांडवात सुखाने नांदत.

मिठाची जागा हा या मांडणीतला सर्वांत लहान तपशील, पण एका प्रसंगी तो राज्यसत्तेच्या डोळ्यांत भरला. हिंदू घरांत भात अळणी शिजवीत आणि मीठ पानात वेगळे वाढीत. त्यामुळे ज्याला जितके हवे तितके तो घेई, आणि नैवेद्याचा भातही त्याच पातेल्यातून निघे. गोव्यातील इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मभ्रष्टतेची चौकशी करणाऱ्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये जे आज्ञापत्र काढले त्यात बाटलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना हिंदूंच्या अनेक रीती पाळण्याची बंदी केली, आणि त्या यादीत मिठावाचून भात शिजवण्याचाही समावेश होता. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील इन्क्विझिशनवर १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हे आज्ञापत्र सर्वांना उपलब्ध झाले. धर्म बदललेल्या माणसाची चूल बदलत नाही, हे त्या न्यायालयाने अचूक ओळखले होते, म्हणूनच त्याने आपली नजर पातेल्यापर्यंत नेली.

पोर्तुगिजांनी बंदी घातलेल्या रीतींपेक्षा त्यांनी आणलेल्या वस्तू अधिक खोलवर गेल्या. सोळाव्या शतकापूर्वी या भागात तिखटपणासाठी मिरे, पिंपळी आणि आले वापरीत. अमेरिकेतून आलेली मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पुढच्या दोन-तीन शतकांत ठेचा, खर्डा, लाल तिखट अशा नाना रूपांनी डाव्या बाजूवर जाऊन बसली. नव्या पदार्थाला पानात जागा देण्याची ही मराठी तऱ्हा फार शांतपणे काम करते, आणि तिचा सर्वांत नवलाचा नमुना उपवासाच्या फराळात पाहायला मिळतो. उपवासाला चालणारे म्हणजे प्राचीन, सात्त्विक आणि इथले, अशी समजूत आहे. साबुदाण्याच्या खिचडीतले घटक एकेक करून तपासले तर साबुदाणा कसावा या अमेरिकन कंदाच्या पिष्टापासून होतो आणि त्याचा उद्योग तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात १९४० च्या दशकात उभा राहिला; शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, हिरवी मिरची अमेरिकेतली. खिचडीशेजारी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याची वडी ठेवली तरी हिशेब बदलत नाही, कारण रताळे आणि राजगिराही तिकडचेच. इथले म्हणून उरते ते तूप, जिरे, मीठ आणि खोबरे. वरई आणि शिंगाडा हे जुने सोबती फराळात टिकून आहेत, पण साबुदाण्याच्या पातेल्याशेजारी त्यांची वाटी लहानच असते. आज रूढ होणाऱ्या प्रत्येक नव्या खाद्यप्रकाराला 'आपले नाही' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकादशीच्या दिवशी आपल्याच ताटलीकडे पाहावे.

पंगतीच्या शिस्तीची किंमत कोण मोजत असे, हा प्रश्न येथे येतो. पंगत बसे ती पुरुषांची आणि मुलांची. स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बायका पुरुषांच्या पंगती उठल्यावर उरलेसुरले घेऊन बसत, आणि अनेक घरांत पत्नीने पतीच्या उष्ट्या पानात जेवण्याची रीत होती. जेवणाऱ्याला न बोलता, तन्मय होऊन जेवता यावे यासाठी कोणाच्या पानातला भात संपत आला, कोणाला ताक हवे, हे न विचारता ओळखणारे कोणीतरी उभे असावे लागते. स्वयंपाकघरातील सोवळे, म्हणजे धूतवस्त्र नेसून आणि कोणाचा स्पर्श होऊ न देता रांधण्याचा नियम, या ओझ्यात भर घाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याने घरातल्यांचे जे हाल झाले त्यांची वर्णने विनोदी वाटतात ती लेखिकेच्या स्वभावामुळे, परिस्थितीमुळे नव्हे. विधवांच्या वाट्याला तर एकभुक्त राहणे आणि दुसऱ्यांसाठी पक्वान्ने करणे अशी दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी येत.

जातीची रेघ याहून ठळक होती. कोणी कोणाच्या पंगतीला बसावे, कोणाला कोणत्या अंतरावर वाढावे याचे नियम इतके काटेकोर होते की जातीतून काढण्याच्या शिक्षेला पंक्तिबाह्य करणे असेच म्हणत. या पंगतीला भक्तिपरंपरेने एक वेगळे जेवण समोर ठेवले होते. कीर्तनाच्या अखेरीस वारकऱ्यांमध्ये वाटला जाणारा काला म्हणजे पोहे, लाह्या, दही, लोणचे यांचे एकत्र कालवलेले मिश्रण. डावी बाजू नाही, उजवी बाजू नाही, आधीचे आणि नंतरचे नाही, आणि भावना अशी की खाणाऱ्यांतही नाही. एकनाथांच्या चरित्रपरंपरेत श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना जेवू घातल्याची आणि त्यांच्या घरी जेवल्याची कथा येते. काल्यातली समता मात्र कीर्तनाबाहेर फारशी पडली नाही. एकोणिसाव्या शतकात तो प्रश्न नव्याने हातात घ्यावा लागला.

मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. सभा गुप्त होती, आणि सभासदांची नावे फुटली तेव्हा ती मोडली. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका समारंभात शहरातील प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पुढ्यात ठेवला, पण उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आल्यावर प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. एका कपाने एवढे रामायण घडावे हे आज हास्यास्पद वाटते, परंतु पंक्तिबहिष्कार म्हणजे मुलीचे लग्न अडणे आणि मर्तिकाला खांदेकरी न मिळणे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कपाची किंमत कळते. विसाव्या शतकात ही लढाई उघड्यावर आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींच्या मुलांना एकत्र रांधायला आणि जेवायला लावले, आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजने घडवून आणली. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या जेवणांची चळवळच केली. पक्वान्नांऐवजी झुणका-भाकर निवडण्यात गद्रे यांची चतुराई होती, कारण ते अन्न कोणत्याच जातीच्या प्रतिष्ठेचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनावरील न झालेल्या भाषणात या उपायाची मर्यादा स्पष्ट केली : एकमेकांत जेवणाऱ्या जाती अनेक आहेत आणि तरीही जातिभावना जिवंत आहे, म्हणून केवळ सहभोजनाने जात मरणार नाही.

त्या पंगतीबाहेरच्या चुलींवर काय शिजत होते याची नोंद मराठीत फार उशिरा झाली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाचे आहे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्यांसारखे पदार्थ त्यात येतात, आणि दूध, तूप, तेल या वस्तू क्वचितच दिसतात. तुपाशिवाय पंगत सुरू होत नाही असे मानणाऱ्या संस्कृतीच्या शेजारी ही पाककृतींची वही ठेवली म्हणजे 'मराठी जेवण' हा शब्दप्रयोग किती जपून करायला हवा ते कळते.

पाककृती कागदावर उतरण्याचा इतिहासही असाच एका विशिष्ट घरापासून सुरू होतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये छापले गेले. मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि ते लिहिणारा पुरुष होता. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० मध्ये 'गृहिणीमित्र' या नावाने हजार पाककृतींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात पाठारे प्रभूंच्या मुंबईतील खानदानी स्वयंपाकाचा, मासे आणि मटणासह, मोठा साठा आहे. परंतु घराघरांत पोहोचले ते कमलाबाई ओगले यांचे १९७० मधले 'रुचिरा'. त्याच्या यशाचे एक कारण मापात आहे. जुन्या कृती शेर, पावशेर, तोळा या वजनांत असत आणि प्रत्यक्ष स्वयंपाक अंदाजाने, म्हणजे सासूच्या किंवा आईच्या देखरेखीखाली हाताला लागलेल्या सवयीने होई. १९५६ च्या कायद्यानंतर शेर जाऊन किलो आला, आणि नोकरीच्या गावी वेगळा संसार मांडलेल्या नव्या गृहिणीजवळ ना तराजू होता ना सासू. 'रुचिरा'ने तिला आमटीची वाटी आणि चहाचा चमचा ही घरातलीच मापे दिली. चकलीचे पीठ किती सैल भिजवायचे, हे पूर्वी पुढ्यात बसून पाहिलेले असे. आता ते पानावर वाचून करता येऊ लागले, आणि कोकणस्थाच्या घरी कोल्हापुरी रस्सा रटरटू लागला.

भांड्यांचा बदल याच काळातला. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, म्हणजे धातूशी विक्रिया होऊन हिरवट आणि विषारी बनते. म्हणून आंबटासाठी दगडी, लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी आणि बाकीच्यांसाठी कल्हई. कल्हईवाला अंगणात खड्डा करून त्यात भाता बसवी, कोळसे फुलवून पातेले लाल होईस्तो तापवी, त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उसळताच कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील बुडापासून काठापर्यंत झरझर फिरवी. मग पातेले पाण्यात बुडाले की चर्र होई आणि आतून चांदीसारखे निघे. हे काम दर काही महिन्यांनी करावे लागे. स्टेनलेस स्टील आले आणि हा धंदा बसला; जुन्या साड्यांवर बोहारणीकडून स्टीलचे डबे घेणे आणि पितळ मोडीत घालणे हा शहरी गृहिणींचा एक छंदच झाला. आंबट-अळणीचे भांड्यांशी असलेले जुने नाते त्याबरोबर संपले.

चुलीच्या बाबतीत बदल त्याहून मोठा झाला. मातीच्या चुलीपुढे बसून, मुख्य तोंडावर भात आणि शेजारच्या वैलावर वरण ठेवून स्वयंपाक होई. शहरांत आधी कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह आला, १९५० च्या दशकात मुंबईत गॅसचे सिलिंडर मिळू लागले, आणि १९५९ च्या सुमारास देशात बनलेले प्रेशर कुकर बाजारात आले. एकाच कुकरात वरण, भात आणि बटाटे शिजू लागले, शिट्ट्या मोजणे एवढेच लक्ष पुरेसे झाले. गॅससाठी ओटा बांधला गेला आणि स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली. पाठोपाठ जेवणाचे टेबलही आले. टेबलाची टवाळी परकीय नक्कल म्हणून झाली खरी, परंतु पातेली मध्ये ठेवून प्रत्येकाने आपले आपण वाढून घेण्याची सोय त्यानेच केली, आणि अनेक मराठी घरांत बाई आणि तिचा नवरा एका वेळी जेवायला बसले ते प्रथम टेबलावर. पंगतीचा ताल त्यात गेला हे खरे; ज्यांना तो ताल धरण्यासाठी उभे राहावे लागत नव्हते त्यांना त्याची हळहळ अधिक वाटली.

मुंबईने घरच्या जेवणाचा वेगळाच प्रश्न उभा केला. पहिल्या कापडगिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतर कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून गिरणगावात राहू लागले. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळी बहुतेक बायकांच्या होत्या. दहा-पंधरा गडी महिन्याच्या बोलीवर एकीकडे जेवत आणि पगार झाल्यावर हिशेब होई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. कचेऱ्यांतल्या बाबूंसाठी महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबे पोहोचवण्याची जी व्यवस्था सुरू केली ती सर्वश्रुत आहे. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर सुरू केलेल्या लिज्जत पापडाने उन्हाळी वाळवणाच्या बिनमोल कामाला रोजगाराचे मोल दिले. उपाहारगृहांतली 'राइस प्लेट' ही त्याच शहराची देणगी. तिच्यात वरणापासून ताकापर्यंत सगळे एकदमच समोर येते, त्यामुळे आधी काय आणि मागाहून काय हा प्रश्नच उरत नाही. मानसोल्लासाचा क्रम कोठे तुटला असेल तर तो या गोल स्टीलच्या ताटात.

धान्यातही उलथापालथ झाली. घाटावर रोजचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी होते आणि गव्हाची पोळी सणावाराची. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले, १९५६ पासून अमेरिकेशी झालेल्या करारांनुसार गहू येऊ लागला, १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रेशनवरची लाल मिलो ज्वारी नाके मुरडून खाल्ली, आणि पुढे हरितक्रांतीचा स्वस्त गहू खेड्यापर्यंत पोहोचला. भाकरी गरिबीची खूण ठरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले तोपर्यंत तीच भाकरी मोठ्या हॉटेलांच्या खाद्यपत्रिकेत चढ्या भावाने मिरवू लागली होती.

गेल्या काही वर्षांत लक्षपूर्वक जेवण्याचा विचार नव्या वेषात परतला आहे. दूरचित्रवाणी बंद करावी, मोबाइल बाजूला ठेवावा, घास चावून खावा, भूक ओळखावी, अशी शिकवण आहारतज्ज्ञ देतात आणि ती चरकाच्या यादीपासून फार लांब नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघर चर्चेचा विषय झाली. तिच्या वैद्यकीय गुणदोषांचा विचार येथे कर्तव्य नाही. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ते घड्याळाचे जेवणात येणे. पंगतीत जेवणाची लांबी वाढणाऱ्याच्या हाताने आणि शेजाऱ्याच्या वेगाने ठरे, कारण सगळ्यांचे झाल्याखेरीज उठता येत नसे. नव्या पद्धतींत ते सारे एकट्या जेवणाऱ्याच्या निग्रहावर सोपवलेले आहे, आणि तो निग्रह विकत देणारी एक बाजारपेठही उभी राहिली आहे. लग्नांतली पंगत तर केव्हाच मागे पडली. धान्यटंचाईच्या काळात पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या सरकारी आदेशांनी तिला पहिला धक्का दिला आणि 'बुफे'च्या रांगेने दुसरा.

पंगत आज रोज आणि सर्वत्र बसते ती सरकारी शाळांच्या व्हरांड्यात. केंद्र सरकारने १९९५ मध्ये शालेय पोषण आहाराची योजना सुरू केली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो धान्य घरी दिले जाई; सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेतच देणे बंधनकारक झाले. मुले रांगेने बसतात, सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबतात, अनेक शाळांत श्लोक म्हणतात आणि मग खिचडीला हात लावतात. ती शिजवणाऱ्या बायका गावच्याच असतात आणि तुटपुंज्या मानधनावर काम करतात. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्यावे असा आदेश दिला, आणि त्यानंतर देशात ठिकठिकाणी पालकांनी मुलांना ते अन्न घेऊ न दिल्याच्या, तर कोठे त्याच पालकांनी काही दिवसांनी मुकाट्याने माघार घेतल्याच्या बातम्या येत राहिल्या.